धोंड्यांची पाठवणी

"धोंडा खाली आला तर मी वर जाऊन बसीन! मग उतरवा मला!"

हे चिमणाबाईचं वाक्य. पस्तीस वर्षं तरी झाली असतील त्याला. मी आमच्या घरामागच्या परड्यात तांदूळ निवडत बसले होते. त्यांचं परडं आणि आमचं परडं यांच्यामधे कमरेएवढी भिंत. कान देऊन ऐकलं असं कुणी म्हणू नये. आमच्या कसबा बावड्यात भांडण ऐकायला कान द्यावा लागत नाही, ते आपल्या पायानं चालत येतं.

वर पत्र्यावर तिचा नवरा आकाराम. पत्रेवाला मिस्त्री. गोठ्याचे, गुऱ्हाळाचे, दुकानाचे, कुणाच्याही छपराचे पत्रे ठोकायचे तर त्यालाच बोलवायचे. आणि तो स्वतःच्याच घरावरचे धोंडे उतरवायला चढलेला. आता पत्र्यावर धोंडे कशाला, असं शहरातला माणूस विचारील. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून हो. कुणी धोंडे ठेवतं, कुणी जुने टायर, कुणी मोडका पाटा. चिमणाबाईच्या सासरची तर रीतच होती की नव्या छपरावरचा पहिला धोंडा सवाशिणीनं हळदकुंकू लावून चढवायचा. तो धोंडा तिच्या सासूनं चढवलेला.

"सासूबाईंच्या हातचा धोंडा हाय त्यो!" चिमणाबाई खालून ओरडत होती. "शालूवन्संचा पाय गेला त्यो त्यांच्या नशिबानं गेला. धोंड्याला कशाला बोल लावताय?"

यावर आकाराम वरून इतकंच म्हणाला, "धोंडा मी ठेवलता, चिमणे. नशिबानं काय शिडी लावली न्हवती."

चिमणाबाई पाय आपटत आत गेली. माझा तांदूळ तसाच राहिला.

शालूबाई ही आकारामची धाकटी बहीण. मलकापूरजवळच्या गावात दिलेली. तिच्या गोठ्याचा पत्रा आकारामनंच घातलेला आणि वर सात धोंडे मांडलेले. वैशाखात वळवाचं वारं आलं, पत्रा खालून उचलला आणि एक धोंडा सरकून आत पडला. शालूबाई म्हशीची धार काढत होती. जीव वाचला, पण डावा पाय कायमचा आखडला. ते बघून आकाराम घरी आला आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावली.

धोंडा उतरला. चिमणाबाई वर गेली नाही, पण आठ दिवस नवऱ्याशी बोललीही नाही. त्याला भाकरी वाढायची ती "ह्यांना सांगा, भाकरी निवतीया" असं मांजराला सांगून.

त्या दिवसापासून आकारामनं एकच नेम धरला. आपण आजवर जिथं जिथं छपरावर धोंडे ठेवले, ते सगळे आपल्याच हातानं उतरवायचे. लिहायला तो माझ्यासारखाच कच्चा, पण कुठल्या गावात कुणाच्या छपरावर किती धोंडे, ते तोंडपाठ. शिमगा झाला की पिशवीत हुक, बोल्ट, डांबरी वायसर आणि पाना घ्यायचा आणि सायकलवरनं निघायचा. लोकांच्या दारात जाऊन म्हणायचा, "पावणं, तुमच्या छपरावर माझी चूक ऱ्हायलीया. काढून घिऊन जातो."

लोक हसायचे. त्याचं नावच पडलं, धोंडेकाढ्या मिस्त्री. काही जण तर म्हणायचे, मिस्त्री, तुम्ही धोंडे काढताय, मग वारं आलं की पत्रं उडणार, मग परत तुम्हालाच काम! तोही हसायचा आणि शिडीवर चढायचा. वर गेला की एकच गोष्ट सांगायचा. "वारं पत्र्याला दाबत न्हाई, उचलतंय. उचलणाऱ्याच्या डोक्यावर ओझं दिलं, तर ते ओझं पडणार कुणावर? खाली बसल्याला. तवा पत्र्याला वरनं दाबायचं न्हाई. खालनं लोखंडी अँगलाला बांधायचं."

असं करता करता पस्तीस वर्षं गेली. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, सायकल गेली आणि नातवानं घेतलेली गाडी आली, पण ती त्याला चालवता येईना. सगळी छपरं झाली. राहिलं एकच. सयाजीचं गुऱ्हाळ.

हे गुऱ्हाळ आमच्यापासून फार लांब नाही. नदीकडच्या उसातनं पाऊण कोस चालत गेलं की येतंच. सयाजीच्या आईनं ते उभं केलं. बाई खमकी. नवरा लवकर गेला, पण तिनं चुलीवरचं उसाच्या रसाचं आदण एक दिवस थांबवलं नाही. त्या छपरावर अकरा धोंडे. अकराही तिनं, नवरा होता तेव्हाच, स्वतः हळदकुंकू लावून, आकारामच्या हातात देऊन चढवलेले. बाई जाऊन सहा वर्षं झाली. आकाराम दरवर्षी जायचा आणि सयाजी दरवर्षी त्याला चहा, काकवी आणि नकार द्यायचा.

"आकारामतात्या," तो म्हणायचा, "आईचं वर तेवढंच ऱ्हायलंय. ते बी काढता?"

आणि आकाराम पिशवी उचलून परत यायचा.

पण यंदा आकारामला दम निघेना. गूळ रांधणाऱ्या गुळव्याची लेक बाळंत होऊन तिथंच आली होती, आणि तिच्या बाळाची झोळी गुऱ्हाळाच्या अँगलाला टांगलेली. आकारामनं खालून बघितलं. झोळीच्या नेमकं वर, पत्र्यापल्याड, तिसरा धोंडा. त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. चिमणाबाई भिंतीवरून मला म्हणाली, "आक्का, ह्यांच्या डोक्यात त्या लेकराची झोळी हलतीया. वळीव यायच्या आत ते धोंडे उतरलं न्हाईत तर हेच आजारी पडतील."

त्यातच तो व्हिडिओ आला. लांब कुठल्या देशातला, मला नाव येत नाही. काळ्या ढगाच्या पोटातनं हत्तीसारखी सोंड खाली आली, जमिनीला टेकली आणि घरंच्या घरं भिरकावत चालली. आमच्या गल्लीतल्या केरबानं तो सगळ्यांना पाठवला. साखर कारखान्यातनं निवृत्त झाल्यापासून केरबाला हाच कारखाना. संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर सगळी जमली. माझी नात तेजस्वी हायस्कुलात विज्ञान शिकवते, ती नुकतीच आलेली. मी देवाच्या वाती वळत बसलेली.

"बाई," केरबा तिला म्हणाला, "हे आपल्याकडं येतंय व्हय?"

"क्वचित येतं, काका. बंगालकडं जास्त. पण आपल्याकडं येणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही."

"येत न्हाई! जोतिबाचा डोंगर हाय, पन्हाळा हाय, अडीवतील की!"

"डोंगर अडवत नाही. नदीही अडवत नाही. ते डोंगर चढतं आणि नदी ओलांडतं."

"मग हे म्हंजे ते चक्रीवादळच की! परवा बातमीत हुतं ते."

इथं आकारामनं तोंड उघडलं. हा शब्द त्याला लई बोचायचा. "चक्रीवादळ न्हवं, केरबा. चक्रीवादळ समिंदरातनं येतंय. शेकडो कोस पसरल्यालं असतंय, त्याला नाव ठेवत्यात, चार दिस आधी कळतंय. ही सोंड एका ढगाखाली येती, पाच-दहा मिंटांत जाती बी. कळस्तवर गेलेली असती."

"मग उन्हाळ्यात रानात नाचती ती?"

"ती वावटळ. वर ढग नसतोय तिला. तापल्या भुईतनं उठती, पाचोळा फिरवती. तिला भूत म्हणून चप्पल मारत्यात तीच."

"मी मारलीया!" केरबा म्हणाला. "चप्पल गेली. भूत ऱ्हायलं."

हसून झाल्यावर मी विचारलं, "पण हे फिरतं कशानं गं, तेजा? सरळ का जात नाही वारं?"

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "आज्जी, तू वात कशी वळतेस?"

"अशी. खालचा हात धरून ठेवायचा, वरचा फिरवायचा. मधे कापूस वळतो."

"तसंच. जमिनीजवळचं वारं सावकाश असतं, वरचं जोरात आणि दुसऱ्याच दिशेला. दोघांच्या मधली हवा आडवी वळते, तुझ्या वातीसारखी. मग खालची तापलेली, दमट हवा वर उसळते आणि त्या आडव्या वातीला उभी करते. ढगाच्या पोटात उभी फिरकी. ती आवळत आवळत जमिनीला टेकली की झाला टोर्नेडो. पण दर ढगातनं येत नाही. एकातनंच का येतं आणि दुसऱ्यातनं का नाही, हे अजून मोठमोठ्यांनाही पुरतं कळलेलं नाही."

"मग माझ्यासारखंच की ते," मी म्हणाले.

आकाराम मात्र माझ्या हातातली वात घेऊन तिला बोटांत उभी करून बघत होता. मग त्यानं तेजस्वीला एकेक करून विचारलं. आधी कळतं का? ती म्हणाली, ढग काळा-हिरवट दिसतो, गारा पडतात, कधी एकदम वारं पडतं आणि मग चालत्या रेल्वेसारखा आवाज येतो. पण दर वेळी नाही. घरात काय करायचं? म्हणाली, खिडकीपासून लांब, मधल्या लहान खोलीत, मोरीत नाहीतर स्लॅबच्या जिन्याखाली बसायचं, डोक्यावर गादी, कांबळं, मिळेल ते.

"आणि दारं-खिडक्या उघडायच्या," केरबा म्हणाला. "वाऱ्याला वाट द्यावी म्हंत्यात जुनी माणसं. न्हाईतर घर फुटतंय."

"चुकीचं आहे ते, काका. घर आतल्या हवेनं फुटत नाही. उघड्या दारातनं वारं आत शिरलं की छप्पर आतनं उचलतं. आणि खिडकी उघडायला गेलेल्या माणसालाच काच लागते."

"आणि रानात असलं तर?" आकारामनं विचारलं. हाच त्याचा खरा प्रश्न, हे मला तेव्हाच कळलं.

"पत्र्याखाली नाही, झाडाखाली नाही, पुलाखाली नाही, ट्रॅक्टरखाली तर नाहीच. पक्की खोली नसेल तर सखल जागा बघायची. पाट, चर. पाणी नसलेला. पालथं पडायचं आणि दोन्ही हात मानेवर. जीव जातो तो बहुतेक उडणाऱ्या वस्तूंनी."

आकाराम उठला. "म्हंजे धोंड्यानं," म्हणाला, आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो गुऱ्हाळावर जाऊन सयाजीला हे सगळं सांगून आला. कापसाची वातसुद्धा घेऊन गेला होता दाखवायला. सयाजीनं वात बघितली, काकवी दिली आणि नेहमीसारखाच नकार दिला. आकाराम परत आला तो कट्ट्यावर बसलाच. "वैनी," मला म्हणाला, "शास्त्र सांगितलं. त्याच्या आईफुडं माझं शास्त्र उभं ऱ्हायना."

चिमणाबाई तिथंच भाजी चिरत होती. तिनं विळीवरनं मान वर केली नाही. "आईफुडं शास्त्र न्हाई, रीतच लागती," म्हणाली. "उद्या मी येती."

आता पुढं जे झालं त्याला मी साक्षीदार आहे, कारण मला काकवी हवी होती आणि त्याहून जास्त गंमत बघायची होती. आम्ही तिघं गेलो. चिमणाबाईनं हिरवी काठाची साडी नेसलेली, हातात ताट, ताटात हळदकुंकू, अकरा सुपाऱ्या आणि एक नारळ. सयाजीची बायको संयोगिता बाहेर आली. सयाजी काहिलीजवळ उभा होता. काहील म्हणजे रस आटवायची ती मोठी कढई.

"काय काकू, कुठलं लगीन?" सयाजी म्हणाला.

"पाठवणी हाय," चिमणाबाई म्हणाली. "फुडल्या महिन्यात काय लागतंय, ठावं हाय न्हवं?"

"काय लागतंय?"

"अधिक महिना! धोंड्याचा महिना! आन् धोंड्याच्या महिन्यात छपरावर धोंडा ठेवत न्हाईत, बाबा. घरात धोंडा, ताटात धोंडा, आन् वर बी धोंडा? तुझ्या आईला समदं ठावं हुतं."

इथं मी खाली बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांत धोंड्याचे महिने मी कमी बघितलेत का? लेकी-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे ठाऊक आहे. छपराचं मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. चिमणाबाईनं ते काल रात्री विळीवरच बसून रचलं असणार. आकाराम तिच्याकडं असा बघत होता की जणू लग्नात बघायची राहूनच गेली होती.

सयाजी गोंधळला. "आई असताना धोंड्याचं महिनं आलं की. तवा कुठं उतरिवलं?"

मला वाटलं, संपलं. पण चिमणाबाईची विळी बोथट नव्हती. "तवा ती हुती की वाण द्यायला! सवाशिणीच्या हातचं चढल्यालं ती हाय तवर तिच्या नावानं ऱ्हातंय. ती गेल्यावर घरच्या सुनंनं मानानं उतरवून घ्यायचं. सून उतरवीना, मग सासूला वाटणार, माझी आठवण छपरावर टाकली उन्हात. सहा वरसं झाली, सयाजी. लेकीला बी सहा वरसं कुणी उन्हात ठेवत न्हाई."

यातलं किती रीत होती आणि किती चिमणाबाई, मी विचारलं नाही. पण संयोगिता पदर डोक्यावर घेऊन पुढं आली. "मी उतरिवती," म्हणाली. "आत्याबाईंनी मला एकदा म्हटलंता, हे गुऱ्हाळ तुझं हाय. मी कधी वर बघितलं बी न्हाई."

 शिडी सयाजीनंच आणली.

आकाराम वर चढला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पत्र्यावर गेला की गुडघे खालीच सोडून जायचा. एकेक धोंडा दोरीनं खाली सोडला. संयोगितानं प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, सुपारी ठेवली. तिसरा धोंडा खाली येताना आकारामनं आधी बाळाची झोळी सोडायला लावली. गुळव्याची लेक बाळ छातीशी धरून वर बघत होती. तिनं आजवर तो धोंडा बघितलाच नव्हता. छपराखाली राहणाऱ्याला छपरावरचं दिसत नाही.

अकराही धोंडे सयाजीनं ट्रॉलीत घालून घरी नेले आणि तुळशीभोवती मांडले. नारळ फुटला, सगळ्यांना खोबरं आणि गरम गूळ मिळाला. आकाराम त्यानंतर चार दिवस रोज जाऊन पत्रे अँगलाला आवळत राहिला. आणि गुऱ्हाळावरच्या माणसांना त्यानं जवळचा कोरडा पाट दाखवला. "सोंड दिसली, न्हाईतर वारं असं पडलं की कानात दडा बसला, तर हिकडं. आदण करपलं तर करपू दे." माणसं हसली. गुळव्या म्हणाला, "मिस्त्री, पाटात झोपायची मजुरी येगळी!"

पाचवा दिवस. शेवटची आदणं चालली होती. मी आणि चिमणाबाई काकवीची बरणी घेऊन गेलो, कारण आदल्या वेळी गमतीपायी काकवी घ्यायचीच राहिली होती. दुपार कलली. असला उकाडा की घामालासुद्धा घाम यावा. पश्चिमेला ढग चढला. आधी काळा, मग त्याच्या पोटात पिकलेल्या लिंबाला कुजका रंग यावा तसलं हिरवट. टपटप गारा आल्या आणि थांबल्या. वारं पडलं. उसाचं एक पान हलेना. चुलीचा धूर सरळ उभा राहिला.

आकाराम पत्र्याखाली बसून पाना पुसत होता. तो उठून बाहेर गेला आणि वर बघून नुसता उभा राहिला. मग नदीपल्याड ढगाच्या पोटातनं काहीतरी लोंबायला लागलं. बारीक. म्हशीच्या शेपटाएवढं दिसायला. वाटलं, हे काय करणार?

"पाट!" आकाराम ओरडला. "समदी पाटाकडं! जळाण ओढा, आदण सोडा!"

यावेळी कुणी हसलं नाही. गुळव्यानं चुलीतलं जळण मागं ओढलं आणि लेकीचा हात धरला. बाळाला तिनं पोटाखाली घेतलं. चिमणाबाईनं माझा हात असा ओढला की बरणी गेली. सत्त्याहत्तराव्या वर्षी मी पाटात पालथी पडले. नवऱ्याच्या पायासुद्धा कधी इतकी वाकून पडले नव्हते. तोंडात माती, मानेवर हात, आणि आकाराम पाटाच्या कडेनं वाकून प्रत्येकाच्या हाताला हात लावून मोजतोय.

एक हात कमी भरला. सयाजी गुळाच्या खोलीकडं पळाला होता. "दारं उघडतो!" तो ओरडला. "वाऱ्याला वाट दिली पायजे!"

"वाऱ्याला ठावं हाय त्याची वाट!" आकाराम ओरडला. "तुझ्या आईचा धोंडा म्या उतरिवला, आता तुला उचलाय लावू नगं! ये हिकडं!"

काय झालं कुणास ठाऊक, पण आईचं नाव ऐकून सयाजी वळला. पाटात येऊन पडला तो थेट माझ्या पायावर. आणि आवाज आला. रेल्वेसारखा म्हणतात, मला तर कारखान्याची सगळी यंत्रं एकदम डोक्यावरनं चालल्यासारखा वाटला. उसाची पानं, चिपाडं, माती. काहीतरी मोठं कर्रकर्र करत गेलं. मी जोतिबाचं नाव घेतलं, मग अंबाबाईचं, मग जे सुचेल त्या सगळ्यांचं. आकाराम गुळव्याच्या लेकीवर पालथा पडला होता.

मग थांबलं. पाच मिनिटंही झाली नसतील. पाऊस सुरू झाला, साधा, आपला नेहमीचा.

"उठू नगासा," आकाराम म्हणाला. "आधी तारा बघू दे." विजेची तार तुटून पाटात आली असती तर? तो बघून आला, मग आम्ही उठलो. अनवाणी कुणाला चालू दिलं नाही. खिळे, पत्र्याचे तुकडे सगळीकडं.

गुऱ्हाळाचे सहा पत्रे गेले होते, हुकांसकट. एक अँगल वाकलेला. गुळाच्या खोलीचं छप्परच गेलं होतं, जिथं सयाजी दार उघडायला निघाला होता. झोळी जिथं टांगली होती तिथलाही पत्रा नव्हता. नुसतं आभाळ दिसत होतं, आणि खाली भिजलेली झोळी पडलेली.

सयाजी त्या झोळीकडं बघत राहिला. "तात्या, हुक असून बी गेलं," म्हणाला.

"जाणार की," आकाराम म्हणाला. "वळवाच्या वाऱ्याला हुक पुरतोय, ह्या वाऱ्याला कशाचीच हमी न्हाई. पर पडलं न्हाई काय बी. एवढंच मागितलंतं म्या."

 गुळव्याच्या लेकीनं बाळाची दुपटी सयाजीच्या हातात दिली आणि स्वतः झोळी पिळायला लागली. एवढा मोठा मालक, दुपटी धरून पावसात उभा.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "चक्रीवादळाचा तडाखा." आकाराम इतका चिडला की तेजस्वीकडनं पेपराला पत्र लिहून घ्यायला निघाला. ती म्हणाली, आधी पत्रे कुठं कुठं पडलेत ते बघू. एकाच बाजूला सगळे पडले असतील तर सरळ वारं, चहूकडं पडले असतील तर फिरकं. दोघं जण उसात हिंडले. दोन पत्रे नदीकडं, तीन उलट्या बाजूला, एक लिंबाच्या झाडाला कागदासारखा गुंडाळलेला. "सोंडच," आकाराम म्हणाला, आणि पत्र न लिहिताच त्याचा राग गेला.

नवे पत्रे त्यानंच घातले. मग जूनमधे धोंड्याचा महिना चालू असताना, एका बुधवारी दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. झोपेतच गेला. सगळी छपरं झाल्यावरच गेला, असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटत नाही. राहिली असती तरी गेला असता. पण राहिली नव्हती, हेही खरं.

त्या बुधवारी सकाळी मी त्याला बघितलं. चिमणाबाईनं दळणाचा डबा हातात देऊन "येताना आणा" म्हणून सांगितलं होतं. तो डबा गिरणीत ठेवून आधी गुऱ्हाळावर गेला, नव्या पत्र्याच्या बोल्टांवर पान्यानं एकेक टोला मारला आणि त्यातला एक ढिला लागला तो आवळला. सयाजीनं चहा दिला, तो बशीत ओतून प्यायला. परत येताना गिरणीतनं डबा घेतला. आमच्या दारावरनं जाताना थांबला, मिशीला पीठ लागलेलं.

"वैनी, ह्यावेळी जाड आलंय बघा दळण," म्हणाला. "चिमणी बोलणार आता."

आणि डबा या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेऊन घरी गेला.